पुरावा सरकारच्याच कपाटात आहे, तो मागायला शिकू



वनहक्काचा दावा फेटाळून गावात परत येतो, तेव्हा त्या कागदावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: "पुरेसा पुरावा नाही." पुढे काही कारण नाही, कुठला पुरावा कमी पडला ते नाही. आपण कागद घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवतो आणि म्हणतो, आता काय, आपल्याकडं होतं तेवढं दिलं. दंडाची पावती दिली, रेशनकार्ड दिलं, म्हाताऱ्यांचे जबाब दिले.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या गावाबद्दलचा बराचसा पुरावा आपल्या पेटीत नाहीच. तो सरकारनं स्वतः लिहिला, स्वतःच्या छापखान्यात छापला आणि ग्रंथालयाच्या कपाटात ठेवून दिला. जो सरकारी माणूस "पुरावा आणा" म्हणतो, त्याच्याच आधीच्या सायबानं तो लिहून ठेवलाय. आपण तिथं जात नाही म्हणून तो धूळ खात पडलाय. म्हणून आमचं म्हणणं असं, की यापुढं प्रत्येक वनहक्क समितीनं मोर्चाला जसे लोक पाठवले जातात, तसे दोन लोक ग्रंथालयातही पाठवावेत.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू

वनहक्क कायदा डिसेंबर २००६ मध्ये संसदेत मंजूर झाला. त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. त्यातला नियम १३ पुराव्याचा आहे. गार्ड, नाकेदार, तलाठी, कुणीही "अमुकच कागद पाहिजे" म्हणाला, तर त्याला हा नियम वाचून दाखवायचा.

नियम १३ मध्ये पुराव्यांची मोठी यादी आहे. आपल्याला त्यातली मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती ठाऊक असते. बांध, घर, विहीर, मसणवटी, देवाचं ठाणं, थोरांचा लेखी जबाब हेही ठाऊक असतं. पण यादीची सुरुवातच दुसऱ्या गोष्टीनं होते. सरकारी दस्तऐवज, म्हणजे गॅझेटिअर, जनगणना, मोजणी आणि जमाबंदीचे अहवाल, नकाशे, जंगलखात्याचे वर्किंग प्लॅन, सरकारनं नेमलेल्या समित्यांचे आणि आयोगांचे अहवाल, शासन निर्णय, अधिसूचना, परिपत्रकं. हे सगळं कायद्यानंच पुरावा म्हणून मानलंय. जुन्या संस्थानांचे कागदही त्यात येतात. आपल्या सातपुड्यात काठीसारखी मेवासी संस्थानं होती, तिकडं ठाण्याच्या बाजूला जव्हारचं संस्थान होतं. त्या गावांनी हे कलम ध्यानात ठेवावं.

त्याच नियमात असंही आहे, की ग्रामसभेनं आणि वरच्या दोन्ही समित्यांनी एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे. म्हणून थोरांच्या जबाबाला सरकारी पुस्तकातलं एक पान जोडलं, तर दावा दोन पायांवर उभा राहतो.

दुसऱ्या समाजातले जे लोक आपल्याबरोबर जंगलात राहतात, त्यांना तर याची जास्तच गरज आहे. आदिवासींनी १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहणं दाखवावं लागतं. ७५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड कुणाकडं असणार? तेव्हा जुनी सरकारी पुस्तकंच कामाला येतात.

कुठल्या पुस्तकात काय सापडतं

पहिलं, गॅझेटिअर. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांची मोठी पुस्तकं काढली, जेम्स कॅम्पबेल त्यांचा संपादक होता. खानदेशचा खंड १८८० चा, ठाण्याचा १८८२ चा, नाशिकचा १८८३ चा. चांद्याचं गॅझेटिअर वेगळं, ते मध्य प्रांताचं, १९०९ चं. यांत जमाती, त्यांची शेती, जंगल, बाजार, महसूल आणि ठिकाणांची माहिती असते.

दुसरं, जनगणना. ही केंद्र सरकारची. १९५१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जिल्हा जनगणना पुस्तिका निघाली. त्यात गावांची यादी, किती घरं, किती माणसं, त्यात अनुसूचित जमातीचे किती, हे गाववार मिळतं. पुढच्या पुस्तिकांत गावाची जमीन कशी वापरली जाते, जंगल किती आणि पिकाखाली किती, याचेही रकाने आहेत. जो सायब "हे गाव नव्हतंच, नंतर येऊन बसलेत" म्हणतो, त्याच्यापुढं १९६१ ची पुस्तिका ठेवायची. १९६१ च्या जनगणनेत काही निवडक गावांचा बारकाईनं अभ्यास करून गाववार पुस्तकंही काढली होती. घरं, धंदे, रीतिरिवाज सगळं त्यात आहे. आपल्या भागातलं गाव त्यात आहे का, ते बघण्यासारखं आहे.

तिसरं, राजपत्र. जंगल राखीव केलं ते नुसत्या तोंडी हुकमानं होत नाही. १९२७ च्या वन कायद्याप्रमाणं कलम ४ ची अधिसूचना राजपत्रात छापावी लागते. मग गावागावात लोकांच्या भाषेत जाहीरनामा लावायचा, हक्क सांगायला निदान तीन महिने द्यायचे, चौकशी करायची, आणि शेवटी कलम २० ची अधिसूचना काढायची. आपल्या गावच्या जंगलाची कलम ४ ची अधिसूचना कधी निघाली, कलम २० ची निघाली का, चौकशीत कुणाचे हक्क नोंदले, हे प्रश्न आपण विचारले पाहिजेत. उत्तराचा धागा राजपत्राच्या जुन्या अंकात असतो.

चौथं, जंगलखात्याचे वर्किंग प्लॅन आणि वार्षिक अहवाल. कक्ष क्रमांक, जंगलाची हद्द, गावाला दिलेल्या सवलती, चराई, एकसाली प्लॉट, अतिक्रमणाची नोंद हे सगळं त्यात येतं. "अतिक्रमण" म्हणून खात्यानं जे लिहिलं, तेच आपल्या ताब्याची साक्ष होते. त्यांनी शिवी म्हणून लिहिलेला शब्द आपण पुरावा म्हणून वापरायचा.

पाचवं, आयोग आणि समित्यांचे अहवाल. १९३० च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्यानं मुंबई प्रांतातल्या आदिवासींची सावकारी आणि वेठबिगारी पाहून अहवाल दिला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाबद्दल ग्रिगसनचा अहवाल १९४४ मध्ये नागपूरला छापला. स्वातंत्र्यानंतर ढेबर आयोगानं १९६१ मध्ये अहवाल दिला. डॉ. ब्रह्मदेव शर्मा अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त होते, त्यांच्या काळातले अहवाल तर आपल्या लढ्याची शिदोरी आहेत.

न वाचल्यानं काय नुकसान होतं, त्याचं उदाहरण १९९० चं आहे. त्या वर्षी १८ सप्टेंबरला केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयानं राज्यांना परिपत्रकं धाडली. १९८० च्या आधीची शेती कशी नियमित करावी, जमिनीचे वाद कसे मिटवावेत, वनगावांची महसुली गावं कशी करावीत, हे त्यात होतं. कागद निघाला, छापला गेला. पण किती पाड्यांवर त्याची प्रत पोचली? ज्याच्या हातात परिपत्रक नव्हतं, त्यानं नाकेदारापुढं हात जोडले. वनहक्क कायदा यायला त्यानंतर सोळा वर्षं लागली. त्या सोळा वर्षांत किती घरं मोडली, किती उभी पिकं गुरं घालून चारली, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

"कागदाच्या मागं का लागायचं?"

आपल्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, आपण कागदाच्या मागं लागायचंच कशाला? जमीन आपली आहे, वाघदेवाचं ठाणं साक्ष आहे, आपली थडगी साक्ष आहेत. सायबाच्या पुस्तकात आपलं नाव शोधायचं म्हणजे सायबालाच मालक मानायचं.

या बोलण्यात खरं आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. ही पुस्तकं आपल्यासाठी लिहिलेली नव्हती. महसूल किती निघेल, लाकूड किती निघेल, कोण बंड करील, हे सरकारला कळावं म्हणून लिहिली. त्यात आपल्या लोकांना रानटी, चोर, आळशी म्हटलंय. वाचताना डोकं फिरतं. आणि कित्येक पाडे त्यात नाहीतच. पाडा स्वतंत्र गाव धरत नाहीत, मूळ महसुली गावात मोजतात. वनगाव असलं तर आणखी घोळ.

तरी आमचं म्हणणं असं, की पुस्तक वाचायचं आणि त्याच्यापुढं वाकायचं नाही. नोंद सापडली तर ती आपली साक्षीदार. नोंद नसली तर माणसं नव्हती असं होत नाही, मोजणारा वर चढून आला नाही एवढंच त्यातून कळतं. म्हणून ग्रंथालयातला कागद थोरांच्या जबाबाच्या शेजारी लावायचा, वर नाही. ग्रामसभेच्या ठरावात स्पष्ट लिहायचं, की जनगणना पुस्तिकेत आपला पाडा अमुक महसुली गावात धरलाय. म्हणजे उद्या वरची समिती "तुमचं नावच नाही" म्हणून दावा बाजूला टाकणार नाही.

एक सावधगिरीही सांगतो. गॅझेटिअरमधून किंवा जनगणनेतून कुणा एकाचा दोन एकराचा तुकडा सिद्ध होत नाही. त्यातून गाव जुनं आहे, जमात इथं राहते, जंगलातून अमुक आणायची रीत आहे, हे दिसतं. सामूहिक हक्काच्या दाव्याला हे फार उपयोगी आहे. वैयक्तिक दाव्याला ते आधार देतं, पण तुकड्यासाठी जागेची पाहणी, नकाशा, दंडाची पावती, शेजाऱ्याचा जबाब लागतोच. तसंच नोंद आपल्या विरुद्धही निघू शकते. "वस्ती नाही" असं छापलेलं असेल, तर ते आधी आपल्याला माहीत असलेलं बरं. समितीपुढं अचानक कळण्यापेक्षा उत्तर तयार ठेवता येतं.

ग्रंथालयात गेल्यावर काय करायचं

जिल्ह्याच्या गावी शासकीय जिल्हा ग्रंथालय असतं. आधी तिथं जा. न मिळालं तर पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं आणि गोखले संस्थेचं ग्रंथालय आहे. मुंबईत टाऊन हॉलमध्ये मध्यवर्ती ग्रंथालय आहे. जुन्या हस्तलिखित कागदांसाठी पुराभिलेखागारं मुंबईत, पुण्यात आणि नागपुरात आहेत. जनगणनेचं राज्याचं कार्यालय मुंबईला आहे. जाण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या, एसटीचं भाडं फुकट जायला नको.

१) जुन्या नावानं शोधा. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. त्याआधी तो धुळ्यात होता, त्याआधी पश्चिम खानदेशात, आणि १९०६ च्या आधी नुसत्या खानदेशात. गडचिरोली १९८२ च्या आधी चांदा जिल्ह्यात होती. रायगड म्हणजे जुना कुलाबा. पुस्तकावर जुनंच नाव असणार, तेही जुन्या इंग्रजी वळणानं: ठाणा, धुलिया, चांदा.

२) लेखकाचं नाव विचारू नका. सरकारी पुस्तकाला सरकारच लेखक. "भारत सरकार, जनगणना, १९६१, महाराष्ट्र" असं सांगा. पुष्कळ ठिकाणी ही पुस्तकं यादीत चढवलेलीच नसतात, वेगळ्या कपाटात असतात. म्हणून "सरकारी प्रकाशनांचं कपाट कुठलं?" असं सरळ विचारा.

३) ही पुस्तकं संदर्भ विभागातली. घरी नेता येत नाहीत, पण तिथं बसून वाचायची असतात. "पुस्तक बाहेर देत नाही" याचा अर्थ "दाखवत नाही" असा होत नाही. कुणी तसं म्हटलं तर शांतपणे लेखी मागा.

४) गावाचं नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. सगळ्या तऱ्हा बघा. शेजारची दोन-तीन गावंही बघा, म्हणजे आपलंच गाव आहे याची खात्री पटते. क्षेत्र एकरात आहे की हेक्टरात, तेही वर बघून घ्या.

५) नुसत्या पानाची झेरॉक्स आणू नका. पुस्तकाचं पहिलं पान, ज्यावर नाव, साल आणि छापणारं सरकारी खातं असतं, त्याचीही झेरॉक्स काढा. मागं पानाचा नंबर, ग्रंथालयाचं नाव आणि तारीख लिहा. हे नसेल तर समिती विचारते, हे कुठलं पान फाडून आणलंत?

६) सही-शिक्क्याची नक्कल पाहिजे असेल, तर ग्रामसभेच्या नावानं लेखी मागणी करा. नियम १२ प्रमाणं ग्रामसभेनं लेखी मागितलेले कागद संबंधित खात्यानं प्रमाणित करून द्यायचे असतात. नियम ६ प्रमाणं जंगलाचे आणि महसुलाचे नकाशे आणि मतदारयाद्या उपविभागीय समितीनंच द्यायच्या असतात. नाही दिले तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला माफ. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे.

हे काम दावा फेटाळल्यावर करायला गेलं तर घाई होते, कारण अपिलाला साठच दिवस असतात. दावा भरायच्या आधीच करून ठेवा.

दोघांना पाठवा म्हणालो, तर ते दोघं कोण? एक कॉलेजला जाणारी पोरगी किंवा पोरगा, कारण बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत. आणि एक जाणता माणूस किंवा म्हातारी, जिला डोंगराचं, नाल्याचं, जुन्या पाड्याचं नाव ठाऊक आहे. पोरगी अक्षर वाचील, म्हातारी अर्थ सांगील. नुसतं शिकलेलं पोरगं गेलं तर नाव समोर असून ओळखणार नाही.

आपली मागणी

अमेरिकेत १८१३ पासून एक रीत सुरू झाली. तिथलं केंद्र सरकार आपली प्रकाशनं ठरावीक ग्रंथालयांना फुकट पाठवतं. आज अशी हजाराच्या वर ग्रंथालयं तिथं आहेत, आणि कुठल्याही माणसाला ती पुस्तकं फुकट बघू द्यायची असं बंधन आहे. तिथल्या आदिवासींची जमीनही सरकारनं लाटलीच, त्यांच्याशी केलेले करार मोडलेच. पण ते करार सरकारच्याच कायद्यांच्या खंडांत छापलेले राहिले. वॉशिंग्टन राज्यातल्या जमातींचे १८५४-५५ चे मासेमारीचे करार १९७४ मध्ये कोर्टात उभे राहिले. कोर्टानं करारातल्या शब्दांचा अर्थ लावला आणि जमातींना धरता येण्याजोग्या माशांच्या निम्म्या वाट्याचा हक्क मानला. एकशेवीस वर्षांनी छापील शब्द कामाला आला. अर्थात त्याआधी लोक नदीवर उभे राहून मार खात होते, जेलात जात होते, म्हणून तो शब्द कोर्टापर्यंत पोचला.

आपल्याकडं १९५४ चा कायदा आहे. छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यायची, सरकारी प्रकाशनंही त्यात येतात. पण ती ग्रंथालयं चारच: कलकत्ता, मद्रास, मुंबई, दिल्ली. धडगावच्या किंवा एटापल्लीच्या माणसानं एक पान बघायला मुंबई गाठायची का?

म्हणून संघटनेनं ही मागणी पुढच्या निवेदनात घालावी असं आमचं मत आहे. आदिवासी जिल्ह्यातल्या प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात आणि तालुक्याच्या गावी सरकारी प्रकाशनांचं एक उघडं कपाट असावं. त्यात १९५१ पासूनच्या सगळ्या जनगणना पुस्तिका, गॅझेटिअर, आपल्या जिल्ह्याच्या वन-अधिसूचना, वर्किंग प्लॅन, वनहक्काचा कायदा, नियम आणि परिपत्रकं असावीत. त्याची मराठी यादी भिंतीवर लावावी. याला सरकारला काही फार खर्च नाही, पुस्तकं छापून झालेलीच आहेत.

ते होईपर्यंत आपण थांबायचं नाही. प्रत्येक गटानं येत्या ग्रामसभेत दोन नावं ठरवावीत, एसटीच्या भाड्याची वर्गणी काढावी. जे पान सापडेल त्याची एक झेरॉक्स दाव्याला लावावी, एक संघटनेच्या कचेरीत द्यावी, आणि ते मराठीत व आपल्या बोलीत ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं. आपल्या गावाबद्दल सरकारनं काय लिहिलंय, ते गावाला कळलंच पाहिजे. जे खरं असेल ते आपण वापरू, जे खोटं असेल ते खोडून काढू.

जोहार! जिंदाबाद!